या घोड्यांचा धनी कोण?

गेल्या एप्रिलात आत्या पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आली. आम्ही अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, रीनो शहराच्या पूर्वेच्या अंगाला राहतो. घरापासून दोन वळणं घेतली की व्हर्जिनिया रेंज ही बोडकी डोंगररांग सुरू होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरायला निघालो, तर रस्त्यालगतच्या उतारावर सात घोडे चरत होते. गळ्यात दोर नाही, पाठीवर खोगीर नाही, पायात नाल नाही. एक शिंगरू आईच्या पोटाखालून डोकं काढून आमच्याकडे बघत होतं.

आत्या सासवडची. जेजुरीला पौष पौर्णिमेला भरणारा गाढवांचा बाजार लहानपणापासून पाहिलेली. जनावर कसं बघायचं ते तिला सांगावं लागत नाही. तिने सातही घोडे एकदा नीट न्याहाळले, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असलेली एक घोडी हेरली, "पंचकल्याणी आहे गं," म्हणाली, आणि मग विचारलं, "यांचा धनी कोण?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"असं कसं? चारा संपला तर कोण बघतं? पाणी आटलं तर? आणि यांची पोरं वाढत गेली तर?"

गेली पाच वर्षं मी याच घोड्यांच्या नोंदी ठेवायला स्वयंसेवक म्हणून जाते. तरी मला तिथे उभ्या उभ्या धड उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे.

कायद्याच्या भाषेत धनी आहे: सरकार. व्हर्जिनिया रेंजवरचे हे घोडे नेवाडा राज्याच्या शेती खात्याचे, पण पश्चिमेतले बहुतेक रानटी घोडे केंद्र सरकारच्या जमिनीवर आहेत. अमेरिकेच्या पश्चिमेत सरकारी जमीन किती आहे याचा अंदाज आपल्याला चटकन येत नाही. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, या एकाच खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर आहेत. तीन महाराष्ट्र त्यात बसतील. एकटं नेवाडा आकाराने महाराष्ट्राच्या जवळपास, लोकवस्ती मात्र तीस-बत्तीस लाख, आणि दहातली आठ भाग जमीन केंद्र सरकारची. आपल्याकडे गावाचं गायरान असतं, तसं हे अख्ख्या देशाचं गायरान आहे. त्यावर खाणी आहेत, गुरं चरतात, हरणं आहेत, सैन्याचे तळ आहेत, आणि असेच रानटी घोडे व रानटी झालेली गाढवं आहेत. गाढवांना इथे स्पॅनिश नावानेच, बुरो म्हणून ओळखतात.

केंद्राच्या जमिनीवरच्या या रानटी घोड्यांना कायद्याचं छत्र मिळालं ते रीनोतल्याच एका बाईमुळे. वेल्मा जॉन्स्टन विमा कंपनीच्या कचेरीत सेक्रेटरी होत्या. लहानपणी पोलिओने शरीर वेडंवाकडं केलेलं. १९५० साली एका सकाळी कामावर जाताना पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना त्यांना दिसलं. त्या ट्रकच्या मागे गेल्या. आत रानातून विमानाने हाकलून पकडलेले घोडे कोंबले होते. कुत्र्या-मांजरांच्या खाण्यासाठी ते कापले जाणार होते. तिथून पुढची सत्तावीस वर्षं, १९७७ साली जाईपर्यंत, बाईंनी हेच काम केलं. विरोधकांनी चिडवण्यासाठी ठेवलेलं 'वाइल्ड हॉर्स ॲनी' हे नाव त्यांनी अभिमानाने लावलं. १९५९ साली विमानं आणि मोटारींनी घोडे पकडण्यावर व पाणवठ्यांत विष घालण्यावर बंदी आली. शाळकरी पोरांनी संसदेला पत्रांचे ढीग पाठवले. १५ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी रानटी घोडे आणि बुरो यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. संसदेत एकही मत विरोधात पडलं नव्हतं. हे प्राणी पश्चिमेच्या इतिहासाची जिवंत खूण आहेत, त्यांना पकडणं, डागणं, छळणं, मारणं चालणार नाही, असं त्या कायद्याने सांगितलं.

न्यू मेक्सिको राज्याने हा कायदा धाब्यावर बसवून सरकारी जमिनीवरची १९ गाढवं धरून लिलावात विकली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७६ साली न्यायालयाने एकमताने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. १९ गाढवांवरून देशाच्या सरकारी जमिनीवरचा अधिकार ठरला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण याच कायद्यात, आणि १९७८च्या दुरुस्तीत जास्त स्पष्टपणे, दुसरं कर्तव्यही आहे. जमिनीचा तोल राखायचा, आणि घोडे 'जास्त' झाले तर ते काढायचे. सगळं भांडण या 'जास्त' शब्दापाशी आहे.

बीएलएमच्या हिशेबाने दहा राज्यांतल्या १७७ राखीव क्षेत्रांत मिळून साडेपंचवीस हजारांच्या आसपास घोडे आणि गाढवं राहावीत. २०२० साली ती ९५ हजारांच्या वर गेली. २०२४च्या मोजणीत साडेत्र्याहत्तर हजार. घोड्यांचा कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. लांडगा नेवाडातून कधीच गेला. शिंगरं मारतो तो पहाडी सिंह म्हणजे प्यूमा, पण तोही सगळीकडे नाही.

मी घोड्यांच्या बाजूची आहे. तरी घोड्याने जमिनीचं काहीच बिघडत नाही असं मी म्हणणार नाही. एल्को परगण्यातल्या एका रँचरने, म्हणजे गुरं पाळणाऱ्याने, मला त्याच्या चराईच्या परवान्याच्या जमिनीवरचा एक झरा दाखवला होता. पाणी करंगळीएवढ्या धारेने येत होतं. भोवतीची दहा-बारा हात जागा टापांनी तुडवून नुसता रेंदा झालेली, कडेला लिदीचे ढीग, हिरवं पातं एक नाही. गाईला वरचे पुढचे दात नसतात, ती जिभेने गवत ओढून घेते. घोड्याला वरखाली दोन्हीकडे दात, तो मुळापाशी कातरतो. गाय रवंथ करून चाऱ्यातलं सत्त्व पुरेपूर काढते, घोड्याचं पोट तसं नाही, त्याला त्याच वजनाला जास्त चारा लागतो. आणि गुरं मोसम संपला की खाली नेतात, घोडा बारा महिने तिथेच. वर्षाला वीस-पंचवीस सेंटिमीटर पावसाच्या मुलखात एकदा मोडलेलं गवत परत येत नाही. त्या जागी चीटग्रास नावाचं परदेशी तण येतं, ते जूनमध्येच वाळून खडखडीत होतं आणि ठिणगी पडली की डोंगरच्या डोंगर जळतात.

'निसर्गावर सोडा' म्हणणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी ग्रे माउंटनची आठवण देते. २०१८च्या मे महिन्यात ॲरिझोनामध्ये नवाहो लोकांच्या जमिनीवर, आटत चाललेल्या एका तळ्याच्या गाळात दोनशेच्या आसपास घोडे मेलेले सापडले. पाण्याच्या ओढीने आत शिरले, मांड्यांपर्यंत, मानेपर्यंत रुतले, आणि एकमेकांच्या अंगावर पडत गेले. निसर्गावर सोडणं म्हणजे कोरड्या वर्षी असं मरू देणं. ज्याला धनी म्हणवून घ्यायचं आहे त्याला हा पर्याय नाही.

तर संख्या आवरायला हवी, हे मला मान्य आहे. कशी आवरायची, यावर माझं भांडण आहे.

पन्नास वर्षं एकच रीत चालू आहे. आपल्याकडे शिकारीत हाका घालत, तोच प्रकार, फक्त हाकारे म्हणून हेलिकॉप्टर. वरून ते कळपाच्या मागे लागतं. कळप काही किलोमीटर धावतो. पुढे गोणपाटाच्या दोन लांब कनाती नरसाळ्यासारख्या जवळ येत गेलेल्या असतात. त्यांच्या तोंडाशी एक शिकवलेला घोडा धरून ठेवतात. कळप जवळ आला की त्याला सोडतात, तो सवयीने पिंजऱ्याकडे पळतो, आणि घाबरलेले घोडे त्याच्या मागे जातात. इथे त्या घोड्याला जूडास म्हणतात, येशूला धरून देणाऱ्या शिष्याचं नाव. फाटक बंद होतं. नर एकीकडे, माद्या एकीकडे, शिंगरं वेगळी. वर्षानुवर्षं एकत्र राहिलेलं कुटुंब दहा मिनिटांत मोडतं. मी हे एकदाच पाहिलं आहे, राखून दिलेल्या टेकडीवरून, दुर्बिणीतून. फाटक लागल्यावर एक घोडी कठड्याला छाती लावून बराच वेळ खिंकाळत होती. पलीकडच्या कप्प्यातून शिंगरू उत्तर देत होतं. हेलिकॉप्टर तोवर पुढच्या कळपामागे गेलं होतं.

यात पाय मोडतात, माना मोडतात. खात्याच्या आकड्यांत हे मृत्यू शंभरात एखादा असे दिसतात, आणि अनेक कंत्राटदार काळजीने काम करतात हेही खरं. १९५९ साली बंद केलेली विमानं हेलिकॉप्टरच्या रूपाने १९७६च्या दुरुस्तीने परत आली. ती पुन्हा बंद करावीत असं विधेयक नेवाडाच्या खासदार डीना टायटस यांनी संसदेत वारंवार मांडलं आहे. मला ते पटतं. तरी माझी मोठी तक्रार हेलिकॉप्टरबद्दल नाही, फाटक लागल्यानंतर जे होतं त्याबद्दल आहे.

पकडलेल्या घोड्याच्या मानेवर डाव्या बाजूला गोठवलेल्या लोखंडाने आकड्यांचा डाग देतात. नरांचं खच्चीकरण होतं. मग ते दत्तक देण्यासाठी ठेवतात. माणसाळवलेला नसेल तर सव्वाशे डॉलर भरायचे, वर्षभर नीट सांभाळला की मालकीचा कागद मिळतो. चांगल्या घरी गेलेले घोडे मी पाहिले आहेत. कार्सन सिटीच्या तुरुंगात कैदी या घोड्यांना खोगिराची सवय लावतात. त्यातले काही सीमेवरच्या गस्तीलाही गेले. भीमथडी तट्टाची जी वाखाणणी आपण ऐकतो, तीच इथे मस्टँगची, म्हणजे या रानटी घोड्यांची, होते: अंगाने बेताचा, खुराने पक्का, थोडक्यात भागवणारा.

पण घेणारे थोडे आणि धरलेले फार. उरलेले सरकारी गोठ्यांत, किंवा कॅन्सस-ओक्लाहोमाकडच्या भाड्याच्या कुरणांत जन्म काढतात. असे साठ हजारांच्या वर प्राणी आज आहेत. म्हणजे रानात जेवढे, जवळपास तेवढेच बंदिस्त. त्यांच्यावर वर्षाला दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च होतो, कार्यक्रमाच्या एकूण पैशाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा. एक घोडा गोठ्यात मरेपर्यंत ठेवायचा तर पन्नास हजार डॉलरच्या घरात खर्च येतो असं खातंच सांगतं.

आणि गोठा सुरक्षित तरी असतो का? २०२२च्या एप्रिल-मे महिन्यांत कोलोराडोतल्या कॅन्यन सिटीच्या गोठ्यात घोड्यांच्या फ्लूने काही आठवड्यांत जवळपास दीडशे घोडे गेले. आदल्या वर्षी रानातून आणलेल्या या घोड्यांना वेळेवर लस टोचली गेली नव्हती. रानातल्या दुष्काळापासून वाचवायला म्हणून आणलेले घोडे दावणीला खोकून मेले.

दावण भरली की वाट कत्तलखान्याकडे वळते. घोडे कापणारे अमेरिकेतले शेवटचे कारखाने २००७ साली बंद झाले, पण मेक्सिको आणि कॅनडाकडे ट्रक जात राहिले. कोलोराडोतल्या एकाच व्यापाऱ्याने २००८ ते २०१२ या काळात सरकारकडून सतराशेहून जास्त घोडे दहा-दहा डॉलरला घेतले आणि ते कत्तलीसाठी गेले, असं सरकारच्याच चौकशी अहवालात २०१५ साली आलं. पुढे २०१९ साली दत्तक घेणाऱ्याला एक हजार डॉलर देण्याची योजना निघाली. हेतू चांगला असेल. पण पैसे आणि कागद हातात पडले की काही लोक तेच घोडे कत्तलीच्या लिलावात उभे करू लागले. २०२५ साली न्यायालयाने ती योजना रद्द केली. मधल्या काळात, २०१६ साली, खात्याच्या सल्लागार मंडळाने बंदिस्त ठेवलेल्या आणि कुणी न घेतलेल्या घोड्यांना दयामरण द्यावं अशी शिफारसही केली होती. लोक खवळले, खात्याने ती नाकारली. पण विषय मिटला असं समजू नये. दरवर्षी अर्थसंकल्पातल्या एका ओळीवर या जिवांचं भवितव्य अवलंबून असतं.

या रीतीतला सगळ्यात मोठा दोष शास्त्रज्ञांनी दाखवून दिला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१३ साली या कार्यक्रमाचा अभ्यास करून सांगितलं की कळपातून घोडे सतत काढत राहिल्याने उरलेल्यांना चारा-पाणी मुबलक मिळतं आणि जन्माचा वेग चढाच राहतो. म्हणजे आपण पकडतो, त्यामुळे वाढ होते, म्हणून पुन्हा पकडतो. अकादमीने उपायही सांगितला होता: गर्भधारणा रोखणाऱ्या लसी मोठ्या प्रमाणावर वापरा. त्यानंतर नऊ वर्षांनी, २०२२ साली, खात्याने २० हजारांहून जास्त घोडे-गाढवं जमिनीवरून उचलली. आणि लस देऊन परत सोडलेली? सोळाशेच्या आसपास.

ही लस मी जवळून पाहिली आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते. पीझेडपी असं तिचं नाव. डुकरिणीच्या बीजांडाभोवतीच्या आवरणातून काढलेलं ते प्रथिन. घोडीच्या अंगात गेलं की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती तिच्या स्वतःच्या बीजांडाच्या आवरणाला जाऊन चिकटतात आणि शुक्राणूला आत शिरता येत नाही. पोटात शिंगरू असेल तर त्याला धक्का लागत नाही. संप्रेरकांशी खेळ नाही. पहिल्या वर्षी दोन मात्रा, नंतर वर्षातून एक. औषधाची एक मात्रा तीसेक डॉलरची.

माझं काम सुईचं नाही, वहीचं आहे. सुई मारणाऱ्याला रीतसर प्रशिक्षण लागतं. तो गाडीच्या बॉनेटवर दोन सिरिंजा नळीने जोडून औषध या बाजूचं त्या बाजूला इतक्या वेळा ढकलतो की ते सायीसारखं दाट, पांढरं होतं. मग मी घोडी दाखवायची. चुकीच्या घोडीला दोनदा किंवा हव्या त्या घोडीला एकदाही नाही, असं होऊन चालत नाही, म्हणून प्रत्येकीची खूण पाठ लागते. इथले लोक इंग्रजीत फोटोसकट नोंद करतात. माझ्या वहीत मात्र कुमेद, अबलख, सब्जा, मुश्की हेच शब्द आहेत. 'कुमेद, कपाळावर चांदणी, मागचा डावा पाय पांढरा, आयाळ उजवीकडे, उजव्या कानाला खाच.' घोड्याच्या रंगांना आपल्या भाषेत इतकी नेमकी नावं आहेत हे मला इथे येऊन कळलं.

बार होतो, हवेच्या बंदुकीचा, मोठ्याने टाळी वाजावी तसा. तीस-चाळीस मीटरवरून सुई पुठ्ठ्यावर बसते. घोडी दचकते, आठ-दहा पावलं पळते, मागे वळून बघते. सुई आपोआप गळून पडते. दोन मिनिटांनी घोडी परत चरायला लागते. आम्ही सेजच्या झुडपांत गुडघ्यांवर बसून ती सुई शोधत राहतो, कारण ती सापडल्याशिवाय, आणि तिच्यातलं औषध रिकामं झालंय हे बघितल्याशिवाय, नोंद पूर्ण होत नाही. कुटुंब मोडत नाही. शिंगरू आईपाशी असतं.

व्हर्जिनिया रेंजवर तीन लाख एकरांत तीनेक हजार घोडे आहेत. २०१९ पासून अशा सुया मारल्यावर काही वर्षांत शिंगरांची संख्या निम्म्याहून खाली आली. मेरीलंडच्या किनाऱ्यावर असाटीग बेटावर १९९४ साली हेच सुरू झालं. तिथला कळप १७०च्या पुढे गेला होता, तो हाका न घालता शंभराच्या आत आला. दरवर्षीच्या बाळंतपणातून सुटलेल्या घोड्या जास्त वर्षं जगू लागल्या, हेही तिथेच दिसलं. आपल्याशी याचा दूरचा संबंध नाही. जुन्नरच्या बिबट्यांसाठी गर्भधारणा रोखण्याच्या लसीचा विषय आपल्याकडेही निघाला आहे. त्यावर विचार करणाऱ्यांनी असाटीगच्या तीस वर्षांच्या वह्या जरूर वाचाव्यात. बिबट्या म्हणजे घोडा नव्हे, पण प्रत्येक मादीची वेगळी नोंद हवी हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. लस दिलेली घोडी पुन्हा पुन्हा माजावर येते, त्यामुळे नर तिच्या मागे राहतात, कळपांत अदलाबदल वाढते. बरीच वर्षं सलग दिली तर काही घोड्या कायमच्या वांझ होतात. म्हणून कुठल्या वंशातलं कोण शिल्लक आहे हे पाहून मध्ये विश्रांती द्यावी लागते. 'रानटी जनावराला औषध कशाला' असं म्हणून काही प्राणिप्रेमी या लसीलाच विरोध करतात. त्यांच्या भावना मला समजतात. पण सुईला नाही म्हटलं की पुढे हेलिकॉप्टरच येतं, हे आम्ही इथे डोळ्यांनी पाहतो आहोत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मध्य नेवाडातल्या शेकडो मैल ओसाड माळावर, जिथे घोडा माणूस दिसताच किलोमीटरभर पळतो, तिथे तीस मीटरवर कोण जाणार? खरं आहे. तिथे पाणवठ्याभोवती कुंपण घालून, चाऱ्याचं आमिष ठेवून, न पळवता घोडे धरावे लागतील. पण धरलेल्या घोड्या गोठ्यात न पाठवता लस देऊन त्याच दिवशी, त्याच कुटुंबात सोडता येतील. एकदा दिली की जास्त टिकणाऱ्या लसीही आहेत. आणि जिथे झरे खरोखर आटले आहेत तिथे काही घोडे उचलावे लागतील, हेही मी मान्य करते. पैशाचा ओघ मात्र उलटा हवा. आज बहुतेक पैसा दावणीवर जातो आणि चिमूटभर सुईवर. तो जेव्हा फिरेल तेव्हाच पुढच्या दहा वर्षांत दावण रिकामी होऊ लागेल.

आणि गुरांचा हिशेब? तो टाळून हा विषय बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. एक गाय-वासरू, किंवा एक घोडा, किंवा पाच मेंढ्या महिनाभर जेवढं चरतात तो चराईचा एक 'महिना' धरतात. बीएलएमच्या साडेपंधरा कोटी एकरांवर गुरांसाठी वर्षाला अशा सुमारे १ कोटी २० लाख महिन्यांचे परवाने असतात. सगळे वापरले जात नाहीत, आणि त्यातली बरीच जमीन घोड्यांची नाहीच. तरीही, रानातले सगळे घोडे-गाढवं धरली तर त्यांचे महिने नऊ लाखांच्या आत येतात. एका महिन्याच्या चराईला सरकार कित्येक वर्षं, २०१९ ते २०२५, फक्त १.३५ डॉलर घेत होतं. खासगी कुरणाचा दर त्याच्या कित्येक पट असतो. १९९० साली संसदेच्याच हिशेब तपासनिसांनी दाखवलं होतं की घोडे काढण्याचे निर्णय जमिनीच्या अवस्थेशी जोडलेले नाहीत, आणि काही ठिकाणी घोडे काढल्यावर गुरांची संख्या वाढवली गेली.

रँचर माझे शत्रू नाहीत. तो झरा दाखवणारा माणूस चार पिढ्या तिथे आहे, आणि दुष्काळी वर्षी त्याने स्वतःची गुरं कमी केली होती. त्याची चीड मी समजू शकते. पण घोड्यांसाठी कायद्याने राखलेल्या क्षेत्रांत तरी आधी घोड्यांच्या वाट्याचा चारा मोजा आणि उरेल तो गुरांना द्या. ज्यांचे परवाने त्यामुळे कमी होतील त्यांना योग्य मोबदला द्या. १९७१ साली जिथे घोडे होते त्यातली कितीतरी जमीन नंतर 'इथे शक्य नाही' म्हणून यादीतून गळली. उरलेल्या जमिनीवरही घोडाच पाहुणा ठरवायचा, हे त्या एकमताच्या कायद्याशी इमान राखणं नाही.

बुरोंबद्दल बोलणारे कमी, म्हणून त्यांच्यासाठी थोडी जागा ठेवली आहे. खाणी बंद पडल्या तेव्हा लोकांनी गाढवं मोकाट सोडून दिली. ग्रँड कॅन्यनमध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षकांनी अनेक दशकं त्यांना गोळ्या घातल्या. १९७९ साली पुन्हा गोळ्या घालायचं ठरलं, तेव्हा क्लीव्हलँड एमरी यांच्या फंड फॉर ॲनिमल्स संस्थेने ५७७ गाढवं दरीतून एकेक करत, झोळीत बांधून, हेलिकॉप्टरने वर काढली. तेच यंत्र, हेतू वेगळा. आज रानात पंधरा हजारांच्या आसपास बुरो आहेत. सोनोरा आणि मोहावी वाळवंटांत ती कोरड्या नदीपात्रात खुरांनी वाळू उकरतात आणि कधीकधी पुरुषभर खोल जाऊन पाण्याला लागतात. आपल्या नदीतल्या झिऱ्यासारखंच ते. २०२१ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात या झिऱ्यांवर पन्नासहून जास्त जातींचे पशुपक्षी पाण्याला येताना दिसले. हे आत्याला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे आता बाजारात गाढवंच येत नाहीत पूर्वीसारखी." बरोबर आहे तिचं. भारताच्या पशुगणनेत २०१२ ते २०१९ या सात वर्षांत गाढवं ६१ टक्क्यांनी घटली.

आत्या जायच्या आदल्या दिवशी मी तिला डोंगरावर घेऊन गेले. वही तिच्या हातात दिली. पंचकल्याणी घोडी पाण्यावर आली होती, तिचं पान आत्यानेच शोधून काढलं. तीन वर्षं सलग लस. त्याआधी एकच शिंगरू झालेलं, ते पहिल्या हिवाळ्यात गेलं. समासात पुढच्या वर्षीच्या रकान्यात मी प्रश्नचिन्ह केलं होतं.

"हिच्या वंशाचं कुणी आहे का मागे?" आत्याने विचारलं.

"नाही. म्हणून पुढच्या वर्षी हिला लस द्यायची नाही असं चाललंय आमचं."

आत्याने पर्समधून पेन काढलं, माझ्या प्रश्नचिन्हावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'होऊ दे.'